भुतांचे कूळ आणि मूळ

भूत आहे की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय नव्हे. त्या वादात शिरले की सभेत दोन तट पडतात आणि रात्री घरी जाताना दोन्ही तटांतील मंडळी सारख्याच लगबगीने पिंपळाखालून पुढे सरकतात. आमचा प्रश्न निराळा आहे. मेलेला माणूस परत येतो आणि जिवंतांचे रक्त, बळ किंवा मूल घेऊन जातो, ही कल्पना माणसाला सुचली कशी? ती देशोदेशी सारखी का आढळते, आणि सारखी असूनही प्रत्येक देशात तिचे रूप वेगळे का? युरोपात या प्राण्याला व्हँपायर म्हणतात. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘वेताळ’ असे झाले. हे भाषांतर कितपत खरे, हेही आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या घरची मंडळी घेऊ. कोकणातील भुतांची मोठ्या प्रमाणावर नोंद झाली ती शाळामास्तरांच्या हातून. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी एक प्रश्नावली तयार करून ती गावोगावच्या शाळांकडे पाठविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यामागे राहिलेली टिपणे एन्थोवेन यांनी संगतवार लावली आणि १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचे पुस्तक छापून निघाले. त्यातील कितीतरी माहिती जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, म्हणजे १ मे १९८१ रोजी ज्याचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला त्या मुलखातून गेलेली आहे.

ही यादी वाचताना भीती वाटण्याऐवजी एक गोष्ट ध्यानात येते. मुंज झाली पण लग्न होण्याआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती आळवंतीण. सवाष्णपणी संसार अर्धा टाकून गेली, ती जखीण. धनाचा लोभ सुटला नाही आणि पोटी संतान नाही, तो समंध. विद्येचा गर्व घेऊन मेलेला ब्राह्मण, तो ब्रह्मग्रह. पाण्यात बुडून गेला, तो गिरा; कर्ली, गड, कोळंब अशा खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यावयास नको. गावच्या चारी दिशा राखणारा तो देवचार. नारळ, केळी, कोंबडा असा त्याचा वर्षाचा मान ठरलेला. म्हातारपणी, नातवंडे पाहून, अंथरुणावर शांतपणे गेलेल्या माणसाचे भूत या यादीत नाही. भूत होते ते ज्याचे आयुष्य मध्येच तुटले त्याचे. तेव्हा ही यादी वस्तुतः अकाली मृत्यूंचे रजिस्टर आहे. ज्या समाजात मृत्यूची कारणे लिहून ठेवणारा कारकून नव्हता, त्या समाजाने ती भुतांच्या नावांत लिहून ठेवली. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे: या यादीत जात सुटलेली नाही. ब्राह्मणाचे भूत निराळे, शूद्राचे निराळे, मुसलमानाचे निराळे, हबशाचे निराळे. मरण सर्वांना सारखे करते म्हणतात; आमच्या पूर्वजांनी तेवढीही मोकळीक त्याला दिली नाही.

आता युरोपकडे वळू. १७१८ च्या तहाने सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाकडे आला आणि व्हिएन्नाच्या अंमलदारांना तेथील खेड्यांचा कारभार पाहावा लागला. १७२५ साली किसिल्येवो या गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. त्यानंतर आठ दिवसांत नऊ माणसे दगावली आणि प्रत्येकाने मरण्यापूर्वी त्याचेच नाव घेतले. गावकऱ्यांनी थडगे उकरले. प्रेत सडलेले नव्हते, केस व नखे वाढलेली दिसत होती, तोंडात ताजे रक्त होते. त्यांनी छातीत खुंटा ठोकून प्रेत जाळले. सरकारी अधिकारी तेथे हजर होता व त्याने हे सारे कागदावर लिहून वर पाठविले. पुढे मेद्वेजा गावात आर्नोल्ड पाओले याच्या नावाने असाच प्रकार झाला, तेव्हा सरकारने लष्करी शल्यवैद्य पाठविले. फ्ल्युकिंगर या शल्यवैद्याचा जानेवारी १७३२ चा अहवाल युरोपभर वाचला गेला आणि त्याच वर्षी ‘व्हँपायर’ हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत आला. म्हणजे व्हँपायरचा जन्म जरी खेड्यातला, तरी त्याचे बारसे सरकारी दप्तरात झाले!

गावकरी खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. त्यांनी पाहिले ते खरेच पाहिले; चुकला तो त्याचा अर्थ. पुरलेल्या देहात काही दिवसांनी वायू साठतात, पोट फुगते, आणि फुप्फुसांतला लालसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो. वरची कातडी सुटून खालची तांबूस कातडी दिसू लागते. बोटांवरची कातडी आक्रसल्यामुळे नखे वाढल्यासारखी वाटतात. थंड, दमट मातीत कुजणे सावकाश होते. अशा फुगलेल्या देहात खुंटा मारला की वायू कंठातून बाहेर पडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. पॉल बार्बर या अभ्यासकाने १९८८ साली ग्रंथ लिहून या एकेक लक्षणाचा उलगडा केला. दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातही ही शंका कोणाला आली नव्हती असे नाही. राणी मारिया थेरेसा हिने १७५५ साली आपले राजवैद्य व्हान स्वीटेन यांच्याकडे या प्रकरणाची चौकशी सोपविली; त्यांनी हे सारे अज्ञान असल्याचा निर्वाळा दिला, आणि राणीने थडगी उकरून प्रेतांची विटंबना करण्यास बंदी घातली.

येथे आपल्याकडच्या व तिकडच्या भुतांतला मूळ फरक उघड होतो. तिकडे देह पुरतात. म्हणून मेलेला परत येतो तो देहानिशी येतो, आणि शंका आली तर त्याला उकरून पाहता येते. आपल्याकडे बहुसंख्य समाज देह जाळतो. राख झालेला माणूस देहाने परत येणार कसा? म्हणून आपले भूत बिनदेहाचे. त्याला देह हवा तर तो जिवंतांचा घ्यावा लागतो. ते झाडावर बसते, वाटेत आडवे येते, झपाटते, कोणाच्या तरी अंगात येते. तिकडची तपासणी कुदळीने होते. इकडची गुरवाच्या कौलाने आणि घाड्याच्या तांदळांनी. तिकडे संशय जातो मेलेल्यावर. इकडे मात्र अंगात आलेल्या तोंडाने जिवंताचेच नाव घेतले जाण्याचा धोका असतो. या धोक्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो वेताळाचा. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. स्मशानाजवळच्या शिंशपा वृक्षाला टांगलेले प्रेत राजाने खांद्यावर घ्यावे, वेताळाने वाटेत गोष्ट सांगून प्रश्न विचारावा, राजाने उत्तर देताच प्रेत पुन्हा झाडावर जावे, ही कथा काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त गोवली. त्या ग्रंथाचे मूळ म्हणजे गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. परंपरा तिचे नाते आपल्या पैठणच्या सातवाहनांशी जोडते. ती पैशाची भाषेत होती आणि शाई नव्हती म्हणून गुणाढ्याने ती स्वतःच्या रक्ताने लिहिली, अशी आख्यायिका आहे. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी वेताळपंचविशी १८३० च्या सुमारास आणली, म्हणजे छापील मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत वेताळ आहे. पुढे ‘चांदोबा’ मासिकाने आणि १९८५ साली दूरदर्शनने त्याला घरोघरी नेले.

या वेताळाला ‘व्हँपायर’ हे नाव साऱ्या इंग्रजी जगात चिकटविले ते रिचर्ड बर्टन याने. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात होता. १८४७ साली तो प्रकृतीसाठी रजा घेऊन मुंबईहून पातेमारीतून गोव्याला गेला, म्हणजे मालवणचा किनारा डाव्या हाताला ठेवून गेला. १८७० साली त्याने वेताळपंचविशीतील अकरा कथा इंग्रजीत सजवून प्रसिद्ध केल्या आणि नावातच विक्रम व व्हँपायर यांची जोडी लावली. त्याचा वेताळ वटवाघळासारखा उलटा लोंबकळतो. परंतु मूळ कथा नीट वाचा. वेताळ कोणाचे रक्त पीत नाही. तो न्यायाचे प्रश्न विचारतो. आणि अखेरीस, तुला प्रेत आणावयास सांगणारा साधू तुझाच बळी देणार आहे, असे बजावून राजाचे प्राण वाचवितो. खरा रक्तपिपासू येथे भूत नसून माणूस आहे. बर्टनच्या एका शब्दाने आमच्या वेताळावर केवढा अन्याय झाला!

आमच्या किनाऱ्यावर तर वेताळाने आणखी पुढची पायरी गाठली आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीला तो देव वेतोबा आहे. ही उंच, उभी मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. वेतोबा रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, त्यामुळे वहाणा झिजतात, असे भाविक सांगतात. जयवंत दळवींच्या वाचकांना या गावाची निराळी ओळख नको. गोव्यातही आमोणे, प्रियोळ, लोलये येथे वेताळाची स्थाने आहेत. स्मशानातल्या भुतांचा राजा गावाचा राखणदार कसा झाला? याचे उत्तर आम्हांला असे दिसते की, ज्याची भीती घालविता येत नाही त्याच्याशी माणूस करार करतो. वर्षाचा नारळ, वर्षाचा मान, देवळापुढे गाऱ्हाणे आणि त्यावर सर्वांनी मिळून म्हटलेले ‘व्हय म्हाराजा’. हा करार दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो. युरोपने व्हँपायरला खुंटा मारला. कोकणाने वेताळाला गावकीत घेतले. या कराराचा एक लाभ आजही दिसतो. देवचाराच्या धाकाने राखलेल्या देवराया आणि पाणवठे या जिल्ह्यात टिकून राहिले. नुसत्या सरकारी पाटीने ते टिकले असते असे सांगवत नाही.

पुष्कळदा असे प्रतिपादन केले जाते की, व्हँपायर मूळचा हिंदुस्थानचाच. येथून गेलेल्या जिप्सी टोळ्यांनी तो युरोपात नेला. जिप्सींची भाषा भारतीय कुळातली आहे, हे निर्विवाद. पण तेवढ्यावरून भूतही त्यांच्याच गाठोड्यातून गेले असे ठरत नाही. ‘उपीर’ हा स्लाव्ह शब्द १०४७ सालच्या एका रशियन पोथीच्या नोंदीत सापडतो. युरोपात जिप्सी त्यानंतर कितीतरी वर्षांनी पोहोचले. आम्हांला वाटते, येथे कोणी कोणाचे उसने घेतलेले नाही. तान्हे मूल का गेले, धडधाकट तरुण का झिजला, हे कोडे सर्वत्र एकच होते. म्हणून उत्तरेही एकमेकांसारखी सुचली.

खेड्यातला व्हँपायर मळक्या कपड्यांतला, फुगलेला, तांबड्या तोंडाचा शेतकरी होता. त्याला सरदारी पोशाख दिला तो कादंबरीकारांनी. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने अडकून पडलेल्या बायरन, शेली प्रभृतींनी भुताच्या गोष्टी रचण्याची पैज लावली. त्यातून मेरी शेलीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाला आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याची १८१९ ची व्हँपायर-कथा निघाली. तीतला व्हँपायर प्रथमच उमराव झाला. १८७२ साली ले फानूची ‘कार्मिला’ आली आणि १८९७ साली ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियात कधी गेला नव्हता. ड्रॅक्युला हे नाव त्याला व्हिट्बी गावच्या वाचनालयात, विल्किन्सनच्या १८२० सालच्या पुस्तकात सापडले. ते नाव पंधराव्या शतकातील वालाकियाचा राजा तिसरा व्लाद याचे. हा क्रूर होता, शत्रूंना सुळावर देई. पण तो रक्त पितो किंवा मेल्यावर उठतो, असे त्याच्या मुलखातल्या लोकांनी म्हटले नव्हते. एका खऱ्या राजाचे नाव आणि खेड्यातली एक दंतकथा यांची गाठ एका वाचनालयातल्या टिपणवहीत पडली, आणि जग त्यालाच इतिहास समजू लागले. मराठीत नारायण धारप यांनी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. २०१६ साली आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने सिंधुदुर्गाची भुते महाराष्ट्रभर नेली. कलेला भूत चालते. प्रेक्षकाला खुर्चीवरून उठता येते, हे मात्र त्याने विसरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भुताने नेले असे म्हणत, तेव्हा नेत होते ते कोण? बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री आपल्या घरांत जागरण करतात, सटवीची पूजा मांडतात, उशाशी कोयता किंवा विळा ठेवतात. हीच रात्र का? नाळ अस्वच्छ हत्याराने कापली तर तान्ह्याला धनुर्वात होतो आणि तो बहुधा जन्मानंतर चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत दिसतो. कालपर्यंत दूध पिणारे मूल अचानक तोंड मिटते, अंग ताठ करते आणि जाते. आईबापांनी वैऱ्याची वेळ बिनचूक हेरली होती. वैरी मात्र ओळखला नव्हता. कधी कधी तर उशाशी ठेवलेल्या लोखंडाचाच भाऊबंद त्याला घरात घेऊन आलेला असे. धनुर्वाताचा जंतू १८८९ साली किटासाटोने वेगळा काढला, आणि लस व स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. तीच गोष्ट आळवंतिणीची. बाळंतज्वराचे कारण डॉक्टरांचे न धुतलेले हात, हे झेमेलवाइसने १८४७ साली दाखवून दिले, तेही व्हिएन्नातच. ज्या राजधानीच्या अंमलाखाली सुमारे एकशेपंधरा वर्षांपूर्वी व्हँपायर तपासायला शल्यवैद्य निघाले होते, त्याच राजधानीत स्त्रियांना नेणारे भूत तिच्याच इस्पितळातून फिरत होते.

क्षयाचेही तसेच. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील एक्झिटर गावी १८९२ साली मर्सी ब्राऊन या क्षयाने गेलेल्या मुलीचे प्रेत उकरून, तिचे काळीज जाळून, ती राख तिच्या आजारी भावाला पाजली. तो थोड्याच दिवसांत वारला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ सालीच दाखविला होता. शोध लागणे निराळे आणि तो गावापर्यंत पोहोचणे निराळे!

या संदर्भात १८९७ हे साल आम्हांला फार बोलके वाटते. त्या वर्षाच्या मे महिन्यात लंडनमध्ये ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी आढळला. त्याच वर्षी मुंबईत प्लेग होता आणि हाफकिनने आपली लस जानेवारीत स्वतःला टोचून घेतली होती. तो प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवितात, हे सिमाँने पुढल्याच वर्षी दाखविले. रात्री येऊन रक्त पिणारा आणि चाव्यातून मृत्यू देणारा खरा प्राणी एकीकडे हाती येत होता आणि दुसरीकडे लोक काल्पनिक सरदाराला घाबरत होते. या जिल्ह्यात तो खरा प्राणी आजही आहे. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाने बळी घेतले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखलेला हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो. काजूच्या बागेत जाणाऱ्याने ब्रह्मराक्षसाला जेवढे भ्यावे, त्याच्या शतपट या इवल्या प्राण्याला भ्यावे. आणि बिचारी वटवाघळे! रक्त पिणाऱ्या त्यांच्या जाती फक्त अमेरिका खंडात आहेत. आपल्या वडापिंपळांवरची मोठी वटवाघळे फळे खातात आणि बिया पसरवितात.

आता ज्या धोक्याचा उल्लेख वर केला, त्याविषयी. दंतकथा ही मृत्यूचे कारण शोधण्याची धडपड आहे, आणि त्या धडपडीबद्दल आमच्या मनात तिरस्कार नाही. परंतु कारण म्हणून जेव्हा जिवंत माणसाकडे बोट दाखविले जाते, तेव्हा दंतकथेचा गुन्हा होतो. बहुधा ते बोट एखाद्या विधवेकडे, निपुत्रिक बाईकडे, वाडीच्या टोकाला एकट्या राहणारीकडे जाते. भूत उतरविण्यासाठी झालेली मारहाण, विंचू-सर्पदंशावर मंत्र म्हणण्यात गेलेला तास, हे सारे जिवावर बेततात. विंचवाचेच पाहा. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने इस्पितळात येऊनही शंभरांतले तीस-चाळीस दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आणले. मंत्राला शेकडो वर्षे संधी मिळाली होती. औषधाला काही वर्षे पुरली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाने मारहाण करणे, एखाद्यास चेटूक करणारा ठरवून त्याचे जिणे असह्य करणे, साप, कुत्रा किंवा विंचू चावल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, हे या कायद्याने गुन्हे आहेत आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वेतोबाला केळ्यांचा घड वाहण्यास हा कायदा हरकत घेत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी; कारण लोकांना भिती घालताना नेमकी हीच दडविली जाते.

तेव्हा श्रोत्यांना आमची विनंती एवढीच. भुताच्या गोष्टी मुलांना जरूर सांगा. आजीने सांगितलेला गिरा आणि देवचार पुसून टाकाल तर मालवणी बोलीतले कितीतरी शब्दही त्यांच्याबरोबर जातील. पण घरात ताप आला, मूल दूध पिईनासे झाले, कोणाला जनावर चावले, तर गोष्ट तेथेच थांबवा आणि गाडी दवाखान्याच्या वाटेला लावा. आणि गावात कोणाच्या नावाची कुजबूज सुरू झाली, तर राजाला वेताळाने विचारला तसा एक प्रश्न तेथल्या तेथे विचारा: पुरावा काय? ठाऊक असूनही उत्तर दिले नाहीस तर तुझ्या डोक्याची शंभर शकले होतील, असे वेताळ बजावीत असे. आपल्यावर तसा प्रसंग येणार नाही. पण ठाऊक असून गप्प बसण्याचे मोल दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते.